कलाकाराने संशोधन पद्धती कशा शिकाव्यात? नागपूरच्या पदव्युत्तर कला विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत चित्रकला, शिल्पकला, मुद्राचित्रण किंवा उपयोजित कलेचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांकडून जे प्रश्न वर्षानुवर्षे येत राहतात, ते येथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न जुलैत, प्रवेशानंतर लगेच येतात; काही सबमिशनला पंधरा दिवस उरले की रात्री अकरा वाजता येतात. प्रश्नांची भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. एका उत्तरातील मजकूर दुसऱ्यात पुन्हा न देता प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. विद्यापीठाचा अध्यादेश काही वेगळे सांगत असेल, तर अर्थातच अध्यादेश मानावा.

१. मी चित्रे काढायला आलो आहे. संशोधन पद्धतीचा पेपर माझ्या माथी कशासाठी?

कागदोपत्री कारण असे की राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रात लागू झालेल्या पदव्युत्तर आराखड्यात पहिल्याच वर्षी संशोधन पद्धतीचा विषय आहे आणि पुढे संशोधन प्रकल्पही आहे. खरे कारण मात्र निराळे आहे. स्टुडिओत आपण रोज तपासणी करतच असतो: दोन कागद वापरून पाहतो, एक टाकून देतो, रंगाचा थर खरवडतो, पुन्हा चढवतो. हे सारे हाताच्या आणि डोळ्यांच्या भरवशावर चालते आणि त्याचा मागमूस उरत नाही. निर्णय कसा झाला हे दुसऱ्या माणसाला दाखवता यावे, त्याने त्यावर शंका घ्यावी आणि त्या शंकेला उत्तर देता यावे, एवढ्यासाठी हा पेपर आहे. तोंडी परीक्षेत ‘मला तसे वाटले’ हे उत्तर प्रामाणिक असते, परंतु त्यानंतर बोलणेच खुंटते.

२. म्हणजे चित्रांविषयी एक मोठा निबंध लिहायचा, असेच ना?

नाही, तो एक प्रकार झाला. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये असताना ख्रिस्तोफर फ्रेलिंग यांनी १९९३ मध्ये कलेतील संशोधनाचे तीन प्रकार मांडले, आणि वाद कितीही झाले तरी सुरुवातीला तीच विभागणी उपयोगी पडते: कलेविषयीचे संशोधन, कलेच्या द्वारे केलेले संशोधन आणि कलेसाठीचे संशोधन. सय्यद हैदर रझा १९३९ ते १९४३ या काळात नागपूरच्या कला विद्यालयात शिकले. त्या वर्षांतील येथील कलाशिक्षणाचा अभ्यास आपण कागदपत्रांतून केला, तर तो पहिला प्रकार. नागपूरच्या उन्हाळ्यात छाप्याची रेषा कोरणारे ॲसिड जस्ताच्या प्लेटवर कसे वागते, हे स्वतः छापे काढत शोधले, तर तो दुसरा. तिसऱ्यात सारा विचार शेवटी कलाकृतीतच मुरलेला असतो आणि शब्द दुय्यम ठरतात; त्याला स्वतः फ्रेलिंग यांनीही काटेरी प्रकार म्हटले आहे.

आपल्याकडचे बहुतेक विद्यार्थी दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारांच्या मध्ये कोठेतरी असतात आणि लिहितात मात्र पहिल्या प्रकारासारखे. लघुप्रबंधाची पहिली साठ पाने ‘भारतीय कलेचा इतिहास’ या नावाखाली भीमबेटकापासून सुरू होतात आणि विद्यार्थ्याचे स्वतःचे काम शेवटच्या बारा पानांत उरकले जाते, ते याचमुळे.

३. ‘स्त्री आणि निसर्ग’ हा माझा विषय आहे. गाईड म्हणतात, हा विषय नाही. मग काय आहे?

ते क्षेत्र आहे, प्रश्न नव्हे. क्षेत्रात आयुष्यभर हिंडता येते. प्रश्नाचे उत्तर दोन वर्षांत मिळायला हवे. प्रश्न छोटा करताना मी विद्यार्थ्यांना तीन गोष्टी विचारतो. या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे येऊ शकते का? उत्तर शोधण्यासाठी हाताने काही करून पाहावे लागेल का? आणि ते करून पाहणे आपल्या स्टुडिओत, आपल्या पैशांत जमेल का?

एक उदाहरण घेऊ. विदर्भातील करवती किनारीच्या टसर साडीला भौगोलिक मानांकन आहे. तिच्या काठावरील करवतीच्या दातांसारखी नक्षी तीन धोट्यांच्या विणीतून तयार होते. काठाचा रंग आणि अंगाचा रंग एकमेकांत गुंतवावे लागतात, म्हणून तो दात उमटतो. ‘विदर्भातील वस्त्रपरंपरा आणि माझी चित्रे’ हे क्षेत्र झाले. ‘विणीच्या अडचणीतून जन्मलेली ही कड लाकडी ठशाच्या छपाईत आणली, तर तिचा ताण टिकतो की ती नुसती नक्षी होऊन बसते?’ हा प्रश्न झाला. याचे उत्तर ‘नुसती नक्षी होते’ असेही येऊ शकते आणि तरीही काम वाया जात नाही (प्रश्न ११ पाहावा).

पहिल्या सत्रात प्रश्न तीनचार वेळा बदलला, तर घाबरू नये. चौथ्या सत्रात बदलला, तर घाबरावे.

४. कलाकाराची ‘पद्धत’ नेमकी कशाला म्हणायची? प्रश्नावली, नमुना निवड, आकडेवारी हे सगळे आम्हालाही लागते का?

पद्धत म्हणजे प्रश्नापासून उत्तरापर्यंत जाण्याचा, दुसऱ्याला दिसेल असा रस्ता. समाजशास्त्राच्या वर्गात शिकवल्या जाणाऱ्या पद्धती आपल्याला वर्ज्य नाहीत, परंतु प्रश्नाने मागितल्याशिवाय त्या आणू नयेत. सर्वाधिक दिसणारी चूक म्हणजे ऑनलाइन फॉर्म. ‘आपल्याला अमूर्त चित्रे आवडतात का?’ असा फॉर्म मित्रांच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांवर टाकायचा, शंभरेक उत्तरे गोळा करायची आणि चार रंगीत वर्तुळालेख छापायचे. त्यातून एवढेच कळते की आपल्या मावशीच्या गटातील बहुतेकांना अमूर्त चित्रे आवडत नाहीत. आकडे दिसले की प्रकरण ‘शास्त्रीय’ दिसते, हा समज सोडून द्यावा.

पदव्युत्तर कलाशिक्षणात प्रत्यक्ष उपयोगी पडणाऱ्या पद्धती थोड्याच आहेत: एक घटक बदलून बाकीचे स्थिर ठेवत केलेल्या कृतींची मालिका, प्रक्रियेची नोंद (प्रश्न ५), मुलाखत आणि निरीक्षण (प्रश्न ६), कागदपत्रे व संग्रह यांचा अभ्यास (प्रश्न ८), आणि कलाकृतींचे जवळून वाचन. यांपैकी दोन नीट जमल्या, तरी लघुप्रबंध उभा राहतो.

५. नोंदवहीत नेमके काय लिहायचे? मी रोज लिहायला बसते आणि दोन ओळींनंतर काही सुचत नाही.

सुचण्याची वाट पाहू नये. ही वही साहित्याची नाही, हिशेबाची आहे. माझ्या स्वतःच्या विद्यार्थिदशेतील एका वहीत एके ठिकाणी ‘शाईत थोडे तेल घातले, छान उतरले’ एवढेच आहे. तारीख नाही, तेल कोणते ते नाही, थोडे म्हणजे किती तेही नाही. तो छापा आजही माझ्याकडे आहे आणि तो पुन्हा तसा काढणे मला जमलेले नाही.

आता हीच नोंद कशी असावी, ते पाहा: ‘१४ मे, दुपारी ३. जस्ताची प्लेट, पाणी आठ भाग, नायट्रिक ॲसिड एक भाग. जानेवारीत हीच रेष २० मिनिटांत आली होती; आज १२ व्या मिनिटालाच कडा फुटल्या, ग्राउंड (ॲसिड अडवणारा थर) दोन जागी उचलले गेले. भिजवलेला कागद टिपकागदांतून काढून प्रेसवर नेईपर्यंत कडांनी कोरडा. रेषा जाड आली. नको होती, पण झाडाच्या खोडाला शोभते. उद्या याच मिश्रणात ८ मिनिटे, सकाळी ७ वाजता.’

येथे चार गोष्टी आहेत: काय केले, काय झाले, काय अपेक्षित होते आणि उद्या काय बदलायचे. द्रावणाचे तापमान वाढले की ॲसिड धातूला वेगाने खाते. बाहेर पारा ४५ अंशांवर असताना जानेवारीचे वेळापत्रक चालणार नाही, हे या दोन नोंदी शेजारी ठेवल्यावर आपोआप दिसते. ‘नको होती, पण शोभते’ हे वाक्य मात्र ॲसिडचे नाही, कलाकाराचे आहे, आणि लघुप्रबंधातील खरे प्रकरण तेथूनच सुरू होते. नोंद त्याच दिवशी करावी. शेवटच्या महिन्यात एकाच पेनाने, एकाच हस्ताक्षरात भरलेली वर्षभराची वही परीक्षकांना लांबूनही ओळखू येते.

मोबाइलवर फोटो काढत असल्यास प्रत्येक फोटोत प्लेटच्या बाजूला तारखेची चिठ्ठी ठेवावी. फोनमधील तारीख एका फोनमधून दुसऱ्यात जाताना हरवते.

६. मला कारागिरांच्या मुलाखती घ्यायच्या आहेत. कशी सुरुवात करू? सही असलेला संमतिपत्राचा कागद दाखवला की लोक बिचकतात.

बिचकणारच. सहीचा कागद म्हणजे कर्जाचा किंवा कोर्टाचा, असा अनेकांचा अनुभव आहे. पहिल्या भेटीत वही, रेकॉर्डर काहीही काढू नये. जागनाथ बुधवारीत पिवळी मारबत (पोळ्यानंतर मिरवणुकीने नेऊन जाळला जाणारा पुतळा) घडवली जाते, तेथे पोळ्याच्या आदल्या आठवड्यात जाऊन ‘दादा, चेहऱ्याचा रंग केव्हा लावता?’ असे विचारण्यापेक्षा महिनाभर आधी जावे, कामट्या बांधल्या जात असताना बसावे, जमल्यास हातभार लावावा. पोळ्याच्या तोंडावर कोणाला बोलायला वेळ नसतो, आणि मिरवणूक निघाल्यावर ‘ईडा, पीडा घेऊन जा गे मारबत’च्या गजरात रेकॉर्डरला काही ऐकू येत नाही.

संमती तोंडी घेतली तरी चालते, मात्र ती रेकॉर्ड केलेली असावी: मी कोण, हे कशासाठी विचारत आहे, कोठे छापले जाईल, नाव द्यायचे की नाही, आणि नंतर नको वाटल्यास काढून टाकता येईल, या पाच गोष्टी सांगून त्यांचा होकार नोंदवावा. सांगणारी व्यक्ती १८ वर्षांखालील असल्यास आईवडिलांची संमती लागते. लघुप्रबंध झाल्यावर त्याची एक प्रत, निदान त्यांच्यावरची पाने, नेऊन द्यावीत. हा नियम कोणत्याही अध्यादेशात नाही, परंतु पुढच्या वर्षी त्याच दारात जाणाऱ्या विद्यार्थ्याचे स्वागत त्यावर अवलंबून असते.

७. मुलाखतीतील बोली शुद्ध मराठीत करून लिहावी का?

करू नये. सांगणारे ‘मले’ म्हणाले असतील, तर ‘मला’ लिहू नये. ‘कायले’चे ‘कशाला’ आणि वाक्याच्या शेवटचा ‘जी’ यांनाही हात लावू नये. कोष्टी मोहल्ल्यातील विणकराने वापरलेला एखादा शब्द प्रमाण मराठीत नसतो, कारण ती वस्तूच प्रमाण मराठी बोलणाऱ्यांच्या घरात नसते. असा शब्द बदलला की माहितीच बदलली. अर्थ लागणार नाही असे वाटल्यास खाली टीप द्यावी. बोलीचे विनोदी चित्रण होऊ नये, याचीही काळजी घ्यावी: स्वतःचे बोलणे प्रमाण भाषेत आणि त्यांचे तेवढे बोलीत, असे करायचे असल्यास आपण प्रत्यक्षात कसे बोललो तेही तसेच लिहावे. नागपूरकर विद्यार्थी मुलाखतीत किती हिंदी बोलतो, हे त्यातून त्याला स्वतःलाही कळते.

८. नागपुरात संदर्भ कोठे मिळतील? मुंबई-पुण्याला जावेच लागते का?

पुष्कळ काम येथेच होते. सिव्हिल लाइन्समधील मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, १८६३ पासूनचे आहे; शिल्पे, शिलालेख आणि आदिवासी जीवनातील वस्तू यांसाठी ते पहिले ठिकाण. जाण्यापूर्वी कोणती दालने खुली आहेत हे विचारून घ्यावे आणि छायाचित्रांसाठी महाविद्यालयाच्या पत्रासह अर्ज करावा. जुन्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडाच्या सरकारी कागदपत्रांसाठी राज्य पुराभिलेख विभागाचे नागपूर येथील कार्यालय आहे. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या विदर्भ साहित्य संघाकडे जुनी नियतकालिके पाहावीत. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळ्यात अनेक राज्यांतील कारागीर एका आवारात भेटतात. तेथे ओळख होते, मुलाखत मात्र त्यांच्या गावी जाऊनच घ्यावी. इतर विद्यापीठांतील प्रबंध ‘शोधगंगा’वर विनाशुल्क वाचता येतात, आणि आपला विषय आधी कोणी केला आहे का, हे पहिल्या महिन्यातच तेथे पाहून घ्यावे.

९. दोन माणसे दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. कोणाचे खरे धरू?

लगेच कोणाचेच नाही. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते, असे सांगितले जाते. काळी मारबत बाकाबाईंच्या निषेधासाठी सुरू झाली, हेही सर्रास सांगितले जाते, कारण १८५७ च्या उठावात भोसले घराण्यातील बाकाबाईंनी इंग्रजांची बाजू घेतली होती. आता १८५७ आणि १८८१ यांत २४ वर्षांचे अंतर आहे. इतक्या वर्षांनी निषेध का सुरू व्हावा? प्रथा आधीपासून असून तिला हे कारण नंतर चिकटले का? की रोष खरोखरच एवढा टिकला? विद्यार्थ्याने येथे निकाल देण्याची घाई करू नये. कोणी, केव्हा, कोणत्या संदर्भात काय सांगितले, हे वेगवेगळे नोंदवावे आणि तारखेचा दावा कागदपत्रांशी ताडून पाहावा.

कलाकारासाठी यात आणखी एक पदर आहे. कथेची तारीख जुळली नाही, तरी पुतळ्याला स्त्रीचे रूप का दिले जाते आणि तिचा चेहरा कसा घडतो यावर ती कथा आजही परिणाम करत असेल, तर ती आपल्या अभ्यासात खरीच आहे. फक्त ‘इतिहास’ आणि ‘सांगितली जाणारी गोष्ट’ हे शब्द अदलाबदल करून वापरू नयेत.

१०. मीच कलाकार आणि मीच संशोधक. मग वस्तुनिष्ठता कोठून आणू?

आणू नका, ती येणार नाही. त्याऐवजी आपली बाजू उघड करा: मी कोण, या विषयाशी माझे नाते काय, माझा कल कोणीकडे. मग आपल्या मताविरुद्ध जाणारे पुरावे लपवलेले नाहीत, एवढे दाखवा. वहीतील ‘नको होती’ ही नोंद खोडलेली नसणे, हा त्याचा सर्वांत साधा पुरावा.

११. वर्षभर केलेला प्रयोग फसला. आता विषय बदलू का?

फसला म्हणजे काय झाले, यावर ते अवलंबून आहे. प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आले असेल, तर प्रयोग फसलेला नाही. ते उत्तर लिहावे. साहित्य मिळाले नाही, प्रेस बंद पडली किंवा नोंदी ठेवल्याच नाहीत म्हणून काही कळले नाही, तर प्रयोग झालेलाच नाही, आणि तेथे प्रश्न लहान करून उरलेल्या महिन्यांत बसेल असा करावा. विषय बदलणे हा शेवटचा उपाय.

१२. लेखन किती आणि कलाकृती किती?

प्रत्येक विद्यापीठाचे आणि अभ्यासक्रमाचे उत्तर वेगळे असते. चालू वर्षाचा अभ्यासक्रम पाहावा. वरच्या वर्गातील मित्राचा नव्हे.

१३. साहित्यचोरीची तपासणी आम्हालाही लागू आहे का? माझे स्वतःचेच जुने कलानिवेदन पुन्हा वापरले तर?

लागू आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित लेखन द्यावे लागते, ४० ते ६० टक्के असल्यास एक वर्ष सुधारित लेखन देण्यास मनाई होते आणि ६० टक्क्यांच्या वर नोंदणी रद्द होते. श्रेय देऊन घेतलेली अवतरणे आणि संदर्भसूची यांत मोजली जात नाहीत. स्वतःचे आधी छापलेले लेखनही उल्लेखाशिवाय वापरू नये. प्रदर्शनाच्या पत्रकातील निवेदन घ्यायचे असल्यास ‘पूर्वप्रसिद्ध’ असे लिहून अवतरण म्हणून द्यावे.

हे सॉफ्टवेअर शब्द तपासते, चित्र नाही. दुसऱ्याच्या चित्राची रचना उचलून आपल्या कॅनव्हासवर आणली, तर अहवालात शून्य टक्के येईल आणि परीक्षक मात्र ओळखतील. मूळ चित्र शेजारी छापून ‘येथून घेतले, हे बदलले’ असे लिहिले, तर तीच गोष्ट अभ्यास ठरते. कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेल्या प्रतिमांनाही हाच न्याय लावावा: कोणते साधन, कोणती तारीख, काय सूचना दिली, हे वहीत असावे.

१४. मोठ्या चित्रकारांची चित्रे लघुप्रबंधात छापता येतात का?

भारतीय कायद्यात चित्रावरील स्वामित्वहक्क चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. नागपुरात जन्मलेले वासुदेव गायतोंडे २००१ मध्ये निवर्तले, म्हणजे त्यांच्या चित्रांवरील हक्क २०६१ अखेरपर्यंत. रझा २०१६ मध्ये गेले, म्हणजे २०७६ अखेरपर्यंत. संशोधन आणि समीक्षा यांसाठीच्या रास्त वापराला कायद्यात सवलत आहे, त्यामुळे परीक्षेसाठी सादर होणाऱ्या प्रतीत, चर्चेपुरते आणि श्रेयासह दिलेले चित्र सहसा अडत नाही. तेच पुस्तकरूपाने विकायला काढले, तर परवानगी लागेल. ज्यावर चर्चा नाही असे चित्र केवळ पान सजवण्यासाठी कधीच घालू नये.

१५. मुलाखत देणाऱ्या आजींनी सबमिशनच्या आठवडाभर आधी ‘माझे नाव नको, माझे बोलणेही नको’ असे सांगितले. आता काय?

काढून टाकावे. संमती देताना तसा शब्द आपण दिलेला आहे (प्रश्न ६). कारण विचारण्याचा हक्क आपल्याला नाही. त्यांनी आपणहून सांगितले आणि नाव वगळून मजकूर ठेवायला त्या तयार असतील, तर गोष्ट निराळी. रेकॉर्डिंग फोनमधून, लॅपटॉपवरून आणि गाईडना पाठवलेल्या मेलमधूनही पुसावे. त्या मुलाखतीवर एखादा निष्कर्ष उभा असेल, तर तो दुसऱ्या पुराव्यावर उभा राहतो का ते पाहावे. राहत नसल्यास तोही काढावा.

एका विद्यार्थिनीवर ही वेळ आली, तेव्हा तिने परिशिष्टातील बाकीच्या मुलाखतींचे क्रमांक बदलले नाहीत. चौथ्या क्रमांकाखाली ‘सांगणाऱ्या व्यक्तीच्या इच्छेवरून काढून टाकली’ एवढी एक ओळ आणि तारीख ठेवली, आणि ते पान तसेच बांधून घेतले.